दवाखान्याचा नवस

वहीचे दोन पाठपोट कागद, निळी शाई, आणि जागा पुरली नाही म्हणून समासात आडवी लिहिलेली शेवटची ओळ. परभणी जिल्ह्यातून आलेलं हे पत्र थोडी काटछाट करून देते.

“ताई, मी शेतकरी माणूस, साडेतीन एकर कोरडवाहू. दिवाळीच्या तोंडावर आमच्या मंडळीला कापूस वेचताना घोणस चावली. वेचलेलं गाठोडं उचलायला खाली हात घातला अन् ती तिथंच होती. भावानं अन् मी मोटारसायकलवर मधी बसवून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सापाच्या औषधाच्या बाटल्या सलाईनमधून दिल्या, अन् १०८ नं मेडिकल कॉलेजला धाडलं. तिथं शरीक केलं. दुसऱ्या दिवशी लघवी बंद, हिरड्यांतून रक्त. नऊ डायलेसिस झाले, रक्ताच्या चार पिशव्या लागल्या, सव्वीस दिवस आम्ही तिथंच. आता घरी आहे, भाकरी थापायली.

आईनं तुळजापूरला नवस बोलला होता, तो माघात फेडला. पण दवाखान्याचा नवस कसा फेडायचा ते कुणी सांगंना. सिस्टरला साडी नेली, तिनं घेतली नाही. एक पोरगेलासा डॉक्टर होता, त्याला अकरा हजार द्यायला गेलो तर म्हणला, ‘दादा, पैसे राहू द्या, युरिया करून आणा.’ मला वाटलं खताचं बोलायलाय. मेहुणा म्हणतो, सरकारचा पगार घेतेत, उपकार कशाचे? अन् पहिल्या रात्री गेटपासून वॉर्डापर्यंत स्ट्रेचर ढकलायला एकानं दोनशे रुपये घेतले, ते सांगावं की गिळावं? डिस्चार्जच्या दिवशी पेढ्याचा पुडा घेऊन वॉर्डात गेलो, पण वाटायला हात उचलंना. तसाच माघारी आणला.”

दादा,

कोणतं मेडिकल कॉलेज ते तुम्ही लिहिलंय. मी गाळलंय, कारण त्या दोनशे रुपयांची गोष्ट त्याच पत्रात आहे. आता मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे (बीडचं अंबाजोगाईला, जालना आणि हिंगोलीचं २०२४ मध्ये सुरू झालं), तेव्हा वाचकांनीही तर्क लढवत बसू नये. आमच्या लहानपणी मोठा दवाखाना म्हटलं की १९५६ ची औरंगाबादची घाटी, नाहीतर अंबाजोगाई. ‘घाटीला नेलं’ हे गावात कोण कोणत्या आवाजात सांगतंय, त्यावरून म्हाताऱ्या बायका पेशंट परत येणार की नाही ते ओळखायच्या. तुमची मंडळी परत आली. भाकरी थापायली, हे तुमचं वाक्य मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

समासातल्या ओळीकडे शेवटी येते. आधी साडी.

आपल्याकडे आहेर परत आला की माणूस मनात धरून बसतो. तुम्हीही बसलाय, ते अक्षरावरून कळतं. पण सिस्टरनं तुमचा मान मोडलेला नाही. सरकारी नोकराला पेशंटकडून असं काही घेता येत नाही, हा नियम झाला. तो घटकाभर बाजूला ठेवू. तुमच्या डाव्या-उजव्या हाताला कोण होतं ते आठवा. कुणाकडे घरी जायला एसटीच्या तिकिटाचे पैसे नव्हते, कुणी दवाखान्यातल्या खिचडीवर दिवस काढत होतं. एका खाटेकडून साडी गेली की पलीकडच्या खाटेवरची बाई रात्री जागी राहते. आपण काही दिलं नाही, म्हणून तर सलाईन संपलं तरी कुणी येईना झालंय का? तुमच्या हातातून निघताना ते आभार असतात. शेजारच्या खाटेवर पोचेपर्यंत त्यांचा दर झालेला असतो. ज्यानं तुमच्याकडून दोनशे घेतले, त्याला तो दर अशाच कुणीतरी आनंदानं शिकवला असेल. मुलगा झाला, घ्या शंभर. बाप वाचला, घ्या दोनशे. मग एका रात्री तुम्ही येता, बायकोच्या हिरड्यांतून रक्त येतंय, आणि तो हात पुढे करतो.

डॉक्टरचं सोपं आहे. तो निवासी डॉक्टर असणार, म्हणजे अजून शिकणारा. त्याला अकरा हजारांपेक्षा तुमच्या मंडळीचा युरिया-क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हवाय, आणि तो तुम्ही अजून नेलेला नाही. पत्रात तसं लिहिलं नाहीत, पण ‘नवस फेडला, साडी नेली’ असं सगळं तारीखवार सांगणारा माणूस रिपोर्टाबद्दल गप्प आहे म्हणजे मी काय समजायचं? घोणस चावल्यानंतर मूत्रपिंडं बहुतेकदा सावरतात, काहींची पूर्ण सावरत नाहीत. वरून काही दिसत नाही. बाई भाकऱ्या थापत असते. डिस्चार्ज कार्डावर पुन्हा यायची तारीख आहे. ती उलटून गेली असेल तरी जा. त्याच युनिटच्या ओपीडीचा वार विचारून जा, म्हणजे तोच डॉक्टर भेटेल. निवासी डॉक्टरांची तीन वर्षं संपली की ते निघून जातात, मग तुम्ही कुणाला शोधणार? तिला चालत आत जाऊ द्या, तुम्ही मागे राहा. ज्या बाईच्या पायाची सूज दाबून बघायची सवय झाली होती, ती वहाणा वाजवत दारातून आत आलेली त्याला बघू द्या. वॉर्डात काम करणारी माणसं पेशंटला पाहतात ते आडवं. बरा झालेला माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर उरतात ते न झालेले.

आता मेहुण्याचं. तो म्हणतो त्यातलं निम्मं खरं आहे. सरकारी दवाखाना कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही. पऱ्हाटीवर फवारायच्या औषधाची बाटली घेता तेव्हा तुम्ही जीएसटी भरता. तुमच्या बायकोचं डायलेसिस तिचा हक्क होता. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याची, तिथं केसपेपरचे थोडे पैसे पडतात, पण पावती मिळते. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. हे सगळं मेहुण्याला सांगा आणि म्हणा, बरोबर आहे तुझं.

मग त्याला काचेच्या नळीची गोष्ट विचारा. तुम्ही लिहिलंय: “एक डॉक्टर पोरगी रक्त काढून काचेच्या नळीत घ्यायची अन् घड्याळाकडं बघत बसायची. रात्री तीनलाबी. आम्हाला वाटायचं, हिला दुसरं काम नाही का.” तिचं काम तेच होतं. घोणसाचं विष रक्ताची गोठायची ताकद काढून घेतं. ती परत आली का, हे बघायला साधी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी लागते. त्यात दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला धक्काही लावायचा नाही, मग हळूच कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष अजून आपलं काम करतंय, औषध आणखी द्यायचं. गोळा धरला तर सुटलो. सहा तासांनी पुन्हा तेच. यंत्र नाही, वीज नाही. एक नळी, एक घड्याळ आणि एक जागं माणूस. पगार त्या वीस मिनिटांचा मिळतो, हे कबूल. पण नळी बाराव्या मिनिटाला कलती करून ‘ठीक आहे’ लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? तुम्हाला नाही. मेहुण्याला तर नाहीच.

आणि आभारांची यादीच करायची म्हटली तर ती फार लांब जाते, बरं का. तुमच्या मंडळीला दिलेलं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचतात, घोड्याचं शरीर त्यावर उतारा तयार करतं, तो काढून शुद्ध करून बाटलीत भरतात. आणि देशात यासाठी लागणारं बरंचसं विष चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतं. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारी माणसं, १९७८ पासून संस्था चालवतात. घोड्याला साडी नेसवणार आहात का?

वर मी गाळलेला एक मजकूर आहे. नऊ डायलेसिस तुम्ही एका वाक्यात उरकलेत, बांगड्यांना मात्र अर्धं पान दिलंत. हात सुजत चालला होता, दिवाळीला भरलेल्या हिरव्या बांगड्या रुतायला लागल्या होत्या, त्या काढणं भाग होतं. तुमची आई खाटेचा गज धरून उभी. सिस्टरनं साबणाचं पाणी मागवलं आणि एकेक करून उतरवत बसली. बाहेर दुसरे पेशंट हाका मारत होते. शेवटच्या दोन काही केल्या निघेनात. तेव्हा ती तुमच्या आईला म्हणाली, “आजी, तुम्ही जरा खाली जाऊन चहा पिऊन या.” आई परत आली तर तिच्या हातात पट्टीच्या कापडात बांधलेली पुरचुंडी दिली आणि हळूच म्हणाली, “दोन वाढवल्या.” आईनं मोजल्या, काही बोलली नाही.

‘फुटल्या’ म्हणाली नाही, ‘काढाव्या लागल्या’ म्हणाली नाही. कुठल्या नर्सिंगच्या पुस्तकात हे शिकवतात? तुम्ही साडी घेऊन गेलात ते या एका शब्दासाठी, डायलेसिससाठी नाही. तुम्हालाही ते माहीत आहे, म्हणून तर तिच्या नकाराचं इतकं लागलं.

तर साडीऐवजी काय? पत्र लिहा. मला लिहिलंत तसंच, वहीच्या कागदावर चालेल.

हे मी उगाच सांगत नाही. १९८९ साली माझी आई एका सरकारी दवाखान्यात दीड महिना होती. तिथल्या एका कारकुनानं सहीसाठी मला चार दिवस फिरवलं. त्याचं आडनाव, शर्टाच्या चौकटी, पेनाचं टोपण चावायची सवय, सगळं आजही सांगते. आणि रोज सकाळी आईच्या गुंतलेल्या केसांतून बोटं घालून तेल लावून वेणी घालणारी एक मावशी होती. आई बेशुद्ध होती, तिला वेणीचं काही नव्हतं. मावशी म्हणायची, शुद्धीवर आली की आरसा मागेल. तिचं नाव? मी विचारलंच नाही. मावशी म्हणजे मावशी. दहा वर्षांनी त्या वॉर्डात गेले तर ‘कोणती मावशी’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यानं छळलं त्याचं नाव पाठ, आणि जिनं जपलं ती नुसती मावशी. आजही लाज वाटते.

म्हणून नावं मिळवा. ओपीडीला जाल तेव्हा वॉर्डात जाऊन इन्चार्ज सिस्टरला विचारा: अमुक तारखांना रात्रपाळीला कोण होतं, नळी घेऊन बसणारी डॉक्टर कोण, डायलेसिसचे ब्रदर कोण, फरशी पुसताना मंडळीच्या खाटेखालची तुमची पिशवी रोज उचलून कोरड्यात ठेवणारे मामा कोण. मग अधिष्ठात्यांच्या नावे अर्ज, जसा आपण तहसीलला करतो तसा. वर पेशंटचं नाव, डिस्चार्ज कार्डावरचा नोंदणी क्रमांक, वॉर्ड, तारखा. खाली कुणी काय केलं ते. ‘सर्व स्टाफने खूप सहकार्य केले’ असलं वाक्य अजिबात लिहू नका. ते कुणालाच लागू पडत नाही. ‘सिस्टर अमुक यांनी माझ्या पत्नीच्या बांगड्या साबणाने उतरवल्या व दोन वाढवताना माझ्या आईला बाहेर पाठवले’ असं लिहा. सरकारी कागदावर हे वाक्य विचित्र दिसेल. दिसू द्या. एक प्रत मेडिसिनच्या विभागप्रमुखांना, एक अधिसेविकांना, म्हणजे मेट्रनना. आवक-जावकला देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि त्या शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स त्या सिस्टरच्या हातात द्या. ती हे घेईल.

या कागदाला तिथं किंमत आहे. बहुतेक अपघात विभागांच्या दारावर डॉक्टर-नर्सला मारहाण केल्यास काय शिक्षा होईल त्याची पाटी असते, २०१० च्या कायद्याची. नातेवाइकांशी त्यांचं नातं त्या पाटीपासून सुरू होतं. तक्रारींची फाईल जाड असते. त्यातही जी माणसं कंत्राटावर आहेत, दर काही महिन्यांनी ज्यांचं पुढे चालू राहील की नाही कळत नाही, त्यांच्या नावानं कुणी शिक्क्यानिशी दोन ओळी लिहिल्या तर त्या ते पाकिटात ठेवतात.

असंच एक पत्र तालुक्याच्या दवाखान्याला. हे लोक नेहमी विसरतात. मोठ्या दवाखान्याचं नाव होतं. पण विषावरची पहिली बाटली ज्या हातांनी लावली ते हात तालुक्यालाच राहतात. तिथल्या डॉक्टरनं ‘इथं सोय नाही, पुढे न्या’ म्हणून हात झटकले असते तर तुम्ही आज मला पत्र लिहिलं नसतं. १०८ मध्ये बरोबर डॉक्टर होता, तुम्ही लिहिलंय की तो वाटभर नाडी धरून होता. त्यांचंही नाव काढा.

दोनशे रुपयांचं गिळू नका. फक्त या पत्रात घालू नका, नाहीतर दोन्हीचं भजं होईल. वेगळा अर्ज करा: अमुक रात्री, अमुक वाजता, गेटवर स्ट्रेचरसाठी पैसे मागितले गेले. केसपेपरची पावती मिळाली, या दोनशेची मिळाली नाही, एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं. पुढे कधी असा प्रसंग आला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. आणि एक सांगून ठेवते: २०१८ पासून लाच देणंही गुन्हा आहे, नाइलाजानं द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवायचं असतं. तुम्हाला वाटतंय की ज्यांनी बायको वाचवली त्यांच्या घराची तक्रार करणं म्हणजे कृतघ्नपणा. अहो, ज्या सिस्टरनं साडी परत केली तिला त्या माणसाचा तुमच्यापेक्षा जास्त राग येत असेल. लोक बाहेर पडताना दोघांना एकाच नावानं ओळखतात ना: ‘सरकारी दवाखानावाले’.

अकरा हजारांचं काय करायचं? ठेवणीतले असतील तर ठेवा. साडेतीन एकर कोरडवाहूत सव्वीस दिवसांची वेचणी बुडालीय तुमची. तरी द्यायचेच असतील तर विचारून द्या आणि पावती घेऊन द्या. तालुक्याला रुग्ण कल्याण समिती असते. मेडिकल कॉलेजात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्या टेबलाशी पाच मिनिटं बसा. ज्यांना कुणी नाही असे पेशंट त्यांच्या वाट्याला येतात: रस्त्यावर सापडलेले, घरच्यांनी सोडून दिलेले. त्यांना लुंगी लागते, ब्रश लागतो, बरं झाल्यावर गावी जायचं तिकीट लागतं. मनानंच व्हीलचेअर देऊ नका. चाक निखळलेली आणि पाठीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेली एक तरी व्हीलचेअर प्रत्येक दवाखान्याच्या जिन्याखाली असते.

त्यापेक्षा चार पिशव्या परत करा. त्या कुणीतरी दिल्या होत्या, आणि ज्यानं दिल्या त्याला तुमच्या मंडळीचं नाव माहीत नाही. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, तब्येत ठीक असलेला पुरुष दर तीन महिन्यांनी रक्त देऊ शकतो. तुम्ही, भाऊ आणि हो, मेहुणा. (मंडळीला सध्या यातून वगळा.) पण आत्ता घाईनं जाऊ नका. मे महिन्यात जा. कॉलेजांना सुट्ट्या लागतात, शिबिरं होत नाहीत, आणि रक्तपेढ्यांची फ्रीजं रिकामी पडतात. नेत्याच्या वाढदिवसाला मांडव घालून एका दिवसात ढीगभर पिशव्या गोळा होतात, फोटो येतात. लाल पेशी टिकतात जेमतेम पाच-सहा आठवडे. मे महिन्यात एकटा, फोटोशिवाय, शर्टाची बाही वर करून बसलेला माणूस त्यांना जास्त हवा असतो.

गावात सांगायचं तेवढं सांगा: सापानं चावलं की बांधायचं नाही, कापायचं नाही, बांगड्या-जोडवी-अंगठी लगेच काढायची, हात-पाय हलू द्यायचा नाही, आणि मारुतीच्या देवळात नाही, सरळ सरकारी दवाखान्यात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं १२ लाखांच्या आसपास माणसं गेली असा अभ्यासकांचा हिशेब आहे. बहुतेक सगळी तुमच्या-माझ्या गावांसारख्या गावांतली. तुमच्या तोंडून गाव ऐकेल, कारण तुमची मंडळी समोर उभी आहे.

पेढे. वाटले नाहीत ते बरं केलंत. एक तर डायलेसिसच्या वॉर्डात पाणीसुद्धा मोजून पितात, तिथं पेढा कुणाला देणार? केळीही नको, मूत्रपिंडाच्या पेशंटला केळ्यातलं पोटॅशियम बाधतं. पण तुमचा हात त्यासाठी थांबला नव्हता, हे पान आडवं धरल्यावर कळलं. समासात लिहिलंय:

“बाजूच्या खाटेवरचं पोरगं गेलं. त्याच्या बापानं पहिल्या रात्री आमच्या मंडळीवर घातलेली चादर आमच्याकडंच राहिली. धुऊन ठेवली आहे.”

आत दोन ओळी त्या मुलाबद्दल होत्या. अकरा वर्षांचा, रात्री जमिनीवर झोपलेला, मण्यार चावली. मण्यारीचा दंश बहुतेकदा दुखत नाही, फार तर डास चावल्यासारखं वाटतं. पोट दुखतंय म्हणाला, पापण्या मिटायला लागल्या, घरच्यांनी आधी भगताकडे नेलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास मंदावला होता. व्हेंटिलेटरवर चार दिवस. त्याच डॉक्टर, त्याच सिस्टर, तेच औषध. त्याच्यासाठीही कुणीतरी रात्री तीनला जागं होतं.

तुम्हाला वाटतंय, आपण आभार मानले की त्या बापाच्या जखमेवर मीठ. म्हणून तुम्ही साडी, पैसे, पेढे असं काहीतरी पटकन देऊन मोकळं व्हायला बघताय, आणि प्रत्येक वेळी ते हातातच राहतंय. आधी तिकडे जा. बाकीची पत्रं नंतर लिहा.

फोन नंबर आहे म्हणता. आधी फोन करा. अचानक दारात उभे राहू नका. मंडळीला पहिल्या खेपेला नेऊ नका, बरी झालेली बाई त्या मुलाच्या आईनं एकदम समोर बघावी असं नाही. पुढं त्यांनी विचारलं तर न्या. जेवणाच्या वेळेला जाऊ नका, त्यांच्यावर स्वयंपाकाचा भार येतो. काही गोड नको. भगताचा विषय तुम्ही काढू नका. तो त्या घरात रोज निघत असेल. त्यांनी काढला तर ऐका, आणि ‘लवकर आणलं असतं तर’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. पोराचं नाव घ्या. लोक अशा घरात पोराचं नाव टाळतात, आणि आई-बापाला तेच ऐकायचं असतं. वॉर्डात शुद्धीत होता त्या थोड्या वेळात तो तुमच्याकडे बघून काय म्हणाला होता, ते तुम्ही मला लिहिलंय. ते मी इथे छापत नाही. ते त्यांना सांगा.

चादर साध्या पिशवीत न्या, नवी घेऊन देऊ नका, तीच द्या. आणि दारात गेल्यावर बोलायला काही सुचलं नाही तर प्यायला पाणी मागा.